अक्कांचा निळा मंगळ

अक्कांना करडा रंग बघवत नसे. स्टुडिओत येणारा प्रत्येक फोटो काळा, पांढरा आणि करडा, आणि त्यातलं करडं दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा. काडीला कापूस गुंडाळून त्या रंगात बुडवायच्या, जुन्या धोतराच्या तुकड्यावर टिपायच्या आणि गालावरून अशी फिरवायच्या, की फोटोतला माणूस आत्ताच उन्हातून घरात आला आहे असं वाटावं. "नुसतं करडं जगात काहीच नसस," त्या म्हणत. "आपले दिखत नही, इतलंच शे."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर दोंडाईच्याचं, म्हणून बोलणं बरंचसं अहिराणी. मी धुळ्याची, चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली. जळगावात सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ आहे एवढं ऐकूनच मी त्या स्थळाला होकार दिला होता. येऊन बघते तर उत्तरेच्या खिडकीखाली टेबल एकच, आणि तिथं अक्का बसलेल्या. माझ्या वाट्याला साड्यांचे काठ आले, मागचे पडदे आले, कुंड्या आल्या. चेहरे अक्कांचे. सासरे, म्हणजे नाना, फोटो लांब धरून म्हणायचे, "हात आहे हा, हात!" कुणाचा, ते विचारावं लागत नसे. एकदा मी एक चेहरा मन लावून रंगवला आणि ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "छान झालाय. एकदा वहिनींच्या नजरेखालून घाल." दोन दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

माणूस चंद्रावर उतरला, त्या वर्षी नानांनी कुठूनसं एक परदेशी मासिक पैदा केलं. त्यात आधी गेलेल्या बिनमाणसांच्या यानातून काढलेला चंद्राच्या जमिनीचा फोटो होता. नानांनी मोठ्या कॅमेऱ्यानं त्याचा फोटो घेतला, मोठा करून पाहिला, तर छपाईचे ठिपके उठून दिसायला लागले. शिवाय यानानं तो फोटो पट्ट्यापट्ट्यांनी पाठवलेला, त्यामुळे जोडांच्या आडव्या रेघा. त्या घालवायचं काम माझ्याकडे आलं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवत मी कितीतरी दिवस एकेक रेघ मिटवली. कुठल्या खड्ड्याची सावली कुणीकडे पडते, ते समजून घेतल्याशिवाय हात लावला नाही. काम चांगलं झालं होतं. मग प्रिंट अक्कांच्या टेबलावर गेली.

मी म्हटलं, "अक्का, तिथं रंग नाहीच म्हणे फारसा. जाऊन आलेले सांगतात, सगळं राखेसारखं आहे."

"त्या परका लोक," अक्का काडीला कापूस गुंडाळत म्हणाल्या. "त्यासना थोडाच शे चांद?"

खड्ड्यांच्या काठांवर त्यांनी केशरी दुधाच्या सायीचा रंग चढवला. सावल्यांत इतकी हलकी नीळ सोडली, की ती आहे की भास आहे, तेच कळेना. कोजागिरीपर्यंत पोस्टकार्डाएवढ्या प्रतींना इतकी मागणी आली, की आम्ही दोघी जेवायलाही पाळीपाळीनं उठायचो. सराफ बाजारातल्या एका मारवाडी शेठजींनी मोठी प्रत दुकानात गादीमागे लावली. "चंद्र असाच पाहिजे, बाई," ते म्हणाले. गावभर त्या फोटोला 'अक्कांचा चंद्र' हेच नाव पडलं. रेघा कुणी मिटवल्या, ते कुणी विचारलं नाही. नीट मिटवलेली रेघ मुळात होती, हेच कुणाला कळत नाही.

वाईट म्हणजे, अक्का चांगल्या होत्या. नुसत्या बोलायला गोड असत्या तर मी मनातल्या मनात चार नावं ठेवून मोकळी झाले असते. पण माझ्या बाळंतपणात त्यांनी माझ्या वाटणीचे काठसुद्धा रंगवले आणि नानांना सांगितलं, "शालूनं आधीच करून ठेवले होते." रंग त्या आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायच्या. जेवायला बसल्या की हात निळा-केशरी दिसायचा, आणि माझा मुलगा त्याच हातानं भरवून घ्यायचा. मी घास पुढे केला की तोंड फिरवायचा.

पुढे मंगळावर यान उतरलं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर विज्ञान प्रदर्शन भरवत होते. मंगळाच्या जमिनीचा फोटो घेऊन ते स्टुडिओत आले. त्यांना तो मोठा आणि रंगीत हवा होता. नानांनी दोन प्रिंटा काढल्या आणि म्हणाले, "एक थोरलीला, एक धाकटीला. सर, सरस असेल ती लावा."

सात वर्षं मी ह्याच दिवसाची वाट बघत होते. सरांनी आम्हा दोघींना बसवून समजावलं. जमीन गंजलेल्या लोखंडासारखी आहे. तीच बारीक धूळ हवेत भरलेली, म्हणून आभाळही फिकट गुलाबी. पहिल्यांदा यान पाठवणाऱ्यांनी स्वतःच आभाळ निळं दाखवलं, मग यानावरच्या रंगांच्या नमुन्यांशी ताडून चूक सुधारली. मला ते ऐकताना रंग दिसायलाच लागला. वैशाखात धुळ्याला वावटळ उठते, तेव्हाचं आभाळ मला पाठ होतं. मी तसंच उतरवलं. दगडांच्या सावल्यासुद्धा तांबूस केल्या.

अक्कांनी आभाळ निळं रंगवलं. लख्ख, पोळ्याच्या आसपास पाऊस उघडतो तेव्हाचं.

सर म्हणाले, "अहो अक्का, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पण पहिल्या दिवशी त्यांनाही निळंच वाटलं ना? मग झालं तर."

सर हसले. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, माझ्या फोटोखाली 'मंगळ' अशी चिठ्ठी डकवली आणि अक्कांच्या फोटोखाली काहीच नाही. गर्दी त्या बिनचिठ्ठीच्या फोटोपुढे. बाया पोरांना उचलून दाखवत होत्या. माझ्या मंगळापुढे पहूरचे एक आबा थांबले, चष्मा सावरून म्हणाले, "हा तं आमचा उन्हाळ्यातला माळ आहे. यात काय बघायचं?" आणि पुढे सरकले.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. अक्का माझ्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुनं खरं शे, शालू. पन इतलं खरं कराले मना हात धजत नही."

हे वाक्य ऐकायला मी किती तळमळले होते! पण ऐकलं आणि आनंद झाला नाही. त्यांनी ते सहज देऊन टाकलं, जवळचा पेरू द्यावा तसं. आपण कुणाचा हेवा करावा, तर समोरच्यानंही आपला थोडा करावा. अक्कांनी तेवढंही केलं नाही.

नंतर थोरल्या दिरांनी धुळ्याला वेगळा स्टुडिओ काढला. सामान ट्रकमध्ये चढलं. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा अक्का कानाशी म्हणाल्या, "आते तू बी सुटनी, मी बी." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी मान वर केली नाही.

खिडकीखालचं टेबल माझं झालं. चेहरे माझे झाले. उजेड छान होता.

एके दिवशी नरडाण्याची एक बाई नवऱ्याचा फोटो न्यायला आली. रंगवायला टाकून गेली, तेव्हा दुकानात हे होते. नवऱ्याचा एकच फोटो होता तिच्याकडे, तोही आजारातला. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. मी सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. तिनं फोटो हातात घेतला. खूप वेळ बघत राहिली.

"असेच दिसत होते," ती म्हणाली. "शेवटी शेवटी." मग फोटो तसाच धरून तिनं हळूच विचारलं, "त्या अक्का असतात ना इथं?"

मी म्हटलं, "त्या आता धुळ्याला असतात. मी दाखवते तुम्हाला गाडी कुठून सुटते ती."

काडी खाली ठेवली आणि तिच्याबरोबर स्टँडवर गेले. अक्कांच्या दुकानाची खूण दोनदा समजावून सांगितली. खिडकीची जागा मिळवून दिली. तिनं मांडीवर फोटो पालथा ठेवला आणि पदर सारखा केला.

इतकी वर्षं मी अक्कांचा हेवा केला होता. धुळ्याची गाडी निघाली, तेव्हा मला त्या बाईचा हेवा वाटला. दुपारपर्यंत ती अक्कांसमोर जाऊन बसणार होती.