मामांनी पुरी केलेली जपानी सुरी

माझ्याकडे एक जपानी सुरी आहे. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाला ओसाकाला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून घेतली. भाज्या चिरायची, हाताने घडवलेली, लाकडी पेटीसकट. विकण्याआधी त्याने छोट्या छिन्नीने पात्यावर माझं नाव जपानीत कोरलं. ते खरंच माझंच नाव आहे का, हे मला आजवर कळलेलं नाही. किंमत बायकोला सांगितली, त्यात एक शून्य कमी होतं.

या सुरीला धार एकाच बाजूने असते. पुढची बाजू उतरती, मागची सपाट. हे माझ्या सासऱ्यांना पटलं नाही.

सासरे, म्हणजे मामा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आता वडूजला असतात. गणपतीत पुण्याला आमच्याकडे आले होते. एका सकाळी सोसायटीच्या गेटपाशी सायकलवर धार लावणारा आला. मामा सुरी घेऊन खाली गेले, त्याच्या डोक्यावर उभे राहिले आणि तासाभराने ती वर्तमानपत्रात गुंडाळून परत घेऊन आले.

"जावईबापू, कारागिरानं काम अर्धं सोडलं व्हतं," ते म्हणाले. "दुसऱ्या अंगाला धारच न्हवती. पुरं करून आणलं."

मी पातं पाहिलं. मागची सपाट बाजू चाकावर घासून गोल झाली होती. मी म्हणालो, "छान झालं, मामा." दुसरं काय म्हणणार? मामांनी चूक केली, असं त्या घरात कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. घरातलं घड्याळ आणि रेडिओची वेळ जुळली नाही, तर रेडिओ चुकलेला असतो.

त्यानंतर महिनाभर त्या सुरीने टोमॅटो चिरला नाही, फक्त दाबला. मग द्राक्षबागेवाल्या एका मित्राने तासगावजवळच्या शालनताईंचं नाव सांगितलं. द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्यांना त्या धार लावतात आणि त्यांच्यासाठी लोक तालुका ओलांडून येतात, म्हणे. ठरवलं, शनिवारी गुपचूप जायचं. महामार्गाने थेट कराड, तिथून तासगाव. वडूज वाटेत लागतच नाही. मामांना कळायला नको, एवढीच अट होती.

सकाळी सहाला निघालो. खंबाटकीचा घाट रिकामा मिळाला. साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो, तर मामींचा फोन. स्वातीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना आधीच सगळं सांगून टाकलं होतं. सगळं म्हणजे, मी तासगावला चाललोय एवढंच. सुरीचं तिलाही माहीत नव्हतं.

"साताऱ्यापतुर आलाय आन् वडूजला येत न्हाई व्हय?" मामी म्हणाल्या. "भाकरी टाकल्यात."

तुम्हाला तासगावला जायचं असेल, तर कराडमार्गेच जा. मी साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत वडूजला गेलो. रस्ता चांगला आहे, पुसेगावच्या पुढे माळरान सुरू होतं आणि गाडी चालवायला मजा येते. मला ती आली नाही.

मामांच्या पडवीत त्यांची सैन्यातली काळी ट्रंक आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा. निवृत्तीनंतर हात मोकळा राहिला, म्हणून त्यांनी शिडीवर, पाण्याच्या टाकीवर आणि शेळीच्या खुंट्यावरही तसंच नाव घातलंय. जेवण जोरदार झालं. भाकरी, पावट्याची आमटी, वर दही. हात धुवून गाडीकडे आलो, तर मामा टोपी घालून पुढच्या सीटवर बसलेले.

"द्राक्षबागा बघून लय दिस झालं," ते म्हणाले. मग मागच्या सीटवरची पेटी त्यांना दिसली. "सुरी कशापायी?"

"धार लावायला."

"आत्ता तर लावली व्हती."

"गेली."

मामांनी मायणीपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "परदेशी मालाचं असंच."

विट्यावरून तासगावला पोचायला दोन तास लागले. शालनताईंचं दुकान म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं शेड. भिंतीवर खिळ्यांना शंभरेक कात्र्या, प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिंधी. ऑक्टोबर छाटणी संपत आली होती म्हणून आम्हाला वेळ मिळाला. ऐन छाटणीत गेलात तर दारातूनच परत फिराल. ताई साठीच्या. आधी छाटणीच्या टोळीत मजुरी करायच्या, स्वतःच्या कात्रीला धार लावता लावता साऱ्या टोळीच्या लावू लागल्या.

त्यांनी सुरी उजेडात धरली, पात्याच्या मागून नख फिरवलं आणि मान वर केली.

"ह्या अंगाला चाक कुण्या गाढवानं लावलं?"

मामा माझ्या डाव्या हाताला उभे होते. छाती पुढे, हात मागे.

"मी," मी म्हणालो. "वाटलं, बनवणाऱ्यानं काम अर्धं सोडलंय."

"शिकल्यालं दिसताय." त्यांनी भिंतीवरची एक कात्री काढून माझ्या नाकासमोर धरली. "हे बघा. कात्रीचं एकच अंग उतरतं, दुसरं सपाट. सपाट अंग घासलं, की काडी कापत न्हाई, चेंगरती. शेंबडं पोरगंबी सांगंल. त्या मानसानं सोडलं न्हवतं, तसंच ठिवलं व्हतं. दिसत न्हाई तर इचारायचं तरी!"

असं बराच वेळ चाललं. मी मान हलवत होतो. मामा भिंतीवरच्या चिंध्या वाचत होते.

"गोलाई निघंल," शेवटी ताई म्हणाल्या. "पर फुडनं दोन सूत पातं जाईल." दोन सूत म्हणजे पाव इंच. मी हो म्हणालो. मग मामांकडे बघून त्या म्हणाल्या, "आवं, तुमी मोकळंच हाय न्हवं? दगडावर पानी सोडा."

मामा उकिडवे बसले आणि तांब्याने पाणी सोडू लागले. तीन तास. आधी खरबरीत दगड, मग मधला, मग साबणासारखा गुळगुळीत. ताई एकच बाजू ओढत होत्या. मागची बाजू सपाट दगडावर आडवी टेकवून तेवढी चार-सहा वेळा फिरवली. मामांची नजर त्या सपाट बाजूवरून हलली नाही. मला फार वाईट वाटत होतं. सुरी गेली असती तर चाललं असतं, असंही वाटून गेलं.

शेवटी ताईंनी टोमॅटोवर पातं नुसतं ठेवलं आणि मागे ओढलं. टोमॅटोचे दोन तुकडे झाले. पात्यावर कोरलेलं नाव शाबूत होतं. दोन कात्र्यांचे घेतात तेवढेच पैसे त्यांनी घेतले.

परतताना विट्याला चहा घेतला. मामांनी बशीत ओतला, प्यायले नाहीत.

"जावईबापू, आज तुमी माझ्याम्होरं खोटं बोललासा."

"हो, मामा."

"हं," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

मुक्काम वडूजलाच केला. पेटीची कडी ढिली आहे म्हणून मामांनी ती ठेवून घेतली. सकाळी टॉवेलात गुंडाळून परत दिली आणि म्हणाले, "घरी जाऊनच उघडा."

घरी आलो. स्वातीने साताऱ्याच्या कंदी पेढ्यांची पिशवी घेतली, मी टॉवेल सोडला. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात, ट्रंकेवरच्याच वळणाची अक्षरं होती. पात्याच्या उतरत्या बाजूकडे बाण. 'धार फक्त या अंगास. मागील अंगास हात लावू नये.' त्याखाली रेघ मारून: 'चूक करणारा', आणि पुढे मामांचं हुद्द्यासकट पूर्ण नाव.

स्वातीने ते दोनदा वाचलं. "बाबांनी लिहिलंय?" तिने विचारलं आणि खालीच बसली. मग मी तिला सगळं सांगितलं, राहिलेल्या शून्यासकट.

सुरी आता दोन सूत अरुंद आहे आणि पूर्वीपेक्षा बरी चालते. पेटी मी ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवणार होतो. नंतर कपाटात ठेवली. ते माझ्यासाठी लिहिलेलं होतं.

संध्याकाळी मामांना फोन केला.

"मामा, पेटी उघडली."

मामांनी विचारलं, "रंग वाळला व्हता का?"

"वाळला होता."

"मग झालं," मामा म्हणाले आणि फोन मामींकडे दिला.