कापडाखालचा पेच

साळ्याबरोबर धंदा करू नये, हे मला आईनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मलकापुरात आमचं दोघांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि परवान्यावर दोघांची नावं होती. महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. घरात नुसता ऐकायचा रेडिओ ठेवायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या एका शेटनं फौजेच्या लिलावातून बिनतारी यंत्र आणलं. मलकापुरातून अमडापूरच्या आपल्या कापूस खरेदी केंद्राशी बोलायला त्याला ते हवं होतं. यंत्र आमच्या लाउडस्पीकरच्या पेटीत बसवायचं आणि जिनिंगच्या छपरावर उंच एरियल लावायचा, असा त्याचा हुकूम होता. मी कागद वाचला. परवाना त्या यंत्राला, त्याच्याच डब्यात, त्याच्याच आखूड एरियलसह होता. डबा बदलला, एरियल वाढवला की सगळं नव्यानं तपासून दिल्लीची मंजुरी घ्यावी लागणार होती.

शेट म्हणाला, "मशीनले परवाना आहे ना? मंग डब्बा कोणताही असो, तुले काय करायचं?"

मी नाही म्हणालो. चार दिवसांनी मी बहिणीकडे जानेफळला गेलो असताना साळ्यानं ते काम माझ्या पाठीमागे करून दिलं.

मग गावातल्या रेडिओंवर बातम्यांच्या मधूनच शेटच्या आवाजात सरकीचे भाव ऐकू यायला लागले. लोक आधी हसले, मग पोस्टात तक्रारी गेल्या. नागपूरहून तपासणी अधिकारी आला. जिनिंगमधून त्यानं पेटी उचलली आणि पोलिसाला आणि शेटला घेऊन आमच्या दुकानात आणून टेबलावर ठेवली.

मी तोंड उघडायच्या आत साळ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. हे काम यांचंच, मला यातलं काही ठाऊक नाही, असं तो शांतपणे सांगत होता. शेटनंही मान डोलावली. सकाळी माझ्याच घरी, आपल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातची भाकर खाऊन आलेला हा साळा.

अधिकाऱ्यानं मला पेटी उघडायला सांगितलं. मागचे सगळे पेच काढले तरी यंत्र बाहेर येईना. मी पेटी उलटी केली, बाजूनं चाचपली. साळ्याला ते बघवेना.

"जवाईबुवा, तिथं काय पाहून राह्यले? पेच कापडाखाली आहे."

अधिकाऱ्यानं पेटी माझ्यापुढून ओढून साळ्यापुढे सरकवली. "आता तुम्हीच उघडा," तो म्हणाला. साळ्यानं पुढचं जाळीदार कापड बोटानं उचललं आणि न बघता पेच काढला.

मी सुटलो, पण दुकान सुटलं नाही. परवाना दोघांचा, म्हणून दुकानालाच सील लागलं. शेटनं वरून वजन टाकून आपली सुटका करून घेतली आणि साळ्याला जिनिंगमध्ये नोकरी दिली. मी वर्षभर लोकांच्या घरी जाऊन रेडिओ दुरुस्त केले, मग एकट्याच्या नावानं परवाना काढला.

साळ्यानं दोनदा माफीचा निरोप पाठवला. बायको म्हणाली, झालं ते झालं, आता तरी बोला. मी तिला सांगितलं, तुझा भाऊ आहे, तू खुशाल जा. तिच्या माहेरच्या लग्नांत मी अजून पाय ठेवलेला नाही. त्याचं मला वाईटही वाटत नाही.