राहुकाळातला खटका

सासूबाईंच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली आणि विजेचं नाव काढलं की माझं डोकं फिरायला लागलं. आम्ही राहतो आनेकलच्या अलीकडे. सांगायला पत्ता बेंगळुरूचा, पण जरा वारा सुटला की लाइट गेलीच म्हणून समजा. लाइट गेली की ऑक्सिजनचं मशीन बंद पडून ओरडायला लागायचं, मी धावत जाऊन सिलिंडर जोडायची आणि सासूबाई धापा टाकत मलाच म्हणायच्या, "सावकाश गं, पडशील."

थोरले दीर मारतहळ्ळीला फ्लॅटमध्ये राहतात. तिथं जनरेटर आहे. "आईला मी नेतो, इथं काय भरवसा?" असं ते दर रविवारी फोनवर म्हणायचे. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबायचं. सासूबाईंना विचारलं तर, "मला काय, जिथं ठेवाल तिथं," म्हणून भिंतीकडे बघत बसायच्या. लग्न होऊन आल्यापासून आमचं भांडण एक दिवस चुकलेलं नाही. आमटीत गूळ किती, यावरूनसुद्धा. पण त्या गेल्या तर? मी भांडू कुणाशी? आमच्या ह्यांच्याशी? त्यांच्याशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

तर त्या पालथ्या घड्यानंच एक दिवस जाहीर केलं, "परसात शेड बांधतो. वर सोलर, आत बॅटऱ्या. आईची खोली लाइनवर ठेवायचीच नाही." दीर म्हणाले, "बांध. महिनाअखेरच्या शनिवारी येतो. चाललं तर ठीक, नाहीतर आईला घेऊन जातो."

जागेवरून तीन दिवस वाद झाला. ह्यांना ऊन बघायचं होतं, मला कपडे वाळत घालायची दोरी वाचवायची होती. सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, "विस्तव असो की वीज, आग्नेयेलाच पाहिजे." म्हणजे नेमकी माझी दोरी! गेली दोरी. हे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, जन्म लोखंडात गेलेला. बॅटऱ्यांसाठी त्यांनी अँगलचं स्टँड असं जोडलं की वर हत्ती उभा केला तरी हलू नये. भिंत मात्र स्वतः रचली आणि ती थोडी कललीच. "वाऱ्याला वाट दिलीय," म्हणाले. मी म्हटलं, "वाऱ्याला का घुशींना?" मग खाली तारेची जाळी आली. संध्याकाळी हातापायाला सिमेंट लागलेलं असायचं आणि माणूस शीळ घालत अंघोळीला जायचा. किती वर्षांनी ऐकली मी ती शीळ! नुसतं चहा देतानासुद्धा मला हसू यायचं.

तो शनिवार उजाडला. आनेकलचे इलेक्ट्रिशियन अण्णा सकाळी येणार होते, ते दोसा खाऊन निवांत आले. सगळं तपासलं, घराकडची वायर जोडली. आता शेडमधला एक खटका खाली ओढला की सासूबाईंची खोली सोलरवर. एवढ्यात आतून हाक आली, "किती वाजले?"

नऊ वाजून गेले होते. शनिवारचा राहुकाळ लागला होता.

"साडेदहापर्यंत हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. मला वाटलं, अण्णा तरी हसतील. कसलं काय! त्यांनी हात झटकन मागे घेतला. "सरी अम्मा, सरी. बरोबर आहे. तपासणं वेगळं, सुरुवात वेगळी." मग हळदकुंकू लावलेला कोहळा पायरीवर ठेवून आम्ही सगळे राहुकाळ संपायची वाट बघत बसलो. दीर आले, तेही बसले. बॅटऱ्या भरलेल्या, डोक्यावर ऊन, आणि आम्ही चार शहाणी माणसं मांडी घालून!

आणि लाइट गेली.

मशीन ओरडलं. मी सिलिंडरकडे धावले तर कोपरा रिकामा. "अहो, सिलिंडर?" ह्यांचं तोंड पडलं. "आता सोलर होणार म्हणून काल भरायला दिला." अगं आई गं! सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. ओठ पांढरे पडत चालले होते. दीर गाडीची किल्ली शोधत म्हणाले, "बघितलंस? हेच मी म्हणत होतो!"

मी मनगट सोडवून घेतलं आणि परसात पळाले. दारात अण्णा आडवे आले, "अक्का, राहुकाल! स्वल्प थांबा!"

"तुमच्या राहूला सांगा, सासूबाई माझ्या आहेत!" मी ओरडले आणि खटका ओढला. डोळे मिटून ओढला, खोटं कशाला बोलू. राहूची भीती मलाही होतीच. मनात म्हटलं, काय वाईट व्हायचं ते माझं होऊ दे.

आत आले तेव्हा मशीन चालू होतं. सासूबाईंच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता. बाहेर सगळ्या गल्लीची लाइट गेलेली आणि आमच्या खोलीत पंखासुद्धा फिरत होता. मी म्हटलं, "आई, चुकलं. राहुकाळातच लावलं."

त्यांनी नाकाची नळी सारखी केली. मग डोळे वटारून म्हणाल्या, "दिसतंय मला." एवढंच. राग आहे की काय, कळेना. दीर कॉटजवळ बसले, आईचा हात हातात घेतला. न्यायला आलोय, हेही त्यांना म्हणवेना आणि नाही नेत, हेही म्हणवेना.

मी पानं घ्यायला स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात पाठीमागून सासूबाईंचा भांडणातला खणखणीत आवाज आला, दम लागत होता तरी खणखणीत.

"थोरल्याला आधी वाढ गं. त्याला एकट्याला लांब जायचंय. आपण दोघी मागून बसू."