गैरहजर मंडळींची मतं

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फ्रीजमागे धूळ साठावी तसे ते साठतात, आणि फ्रीज सरकवला की कळतं केवढे झाले! बहारीनच्या आमच्या मराठी मंडळात गैरहजर मतदारांचं रजिस्टर मी बरीच वर्षं सांभाळलं. कारण काय, तर मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये कामाला. "फिलूबाय, तुला सवय आहे," म्हणत सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं.

निवडणूक जूनमधल्या एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी असायची. जूनमध्ये अर्धं मंडळ लीव्हवर इंडियात, उरलेल्यातलं अर्धं शिफ्टवर. म्हणून अशांनी आधीच बंद पाकिटात मत द्यायचं, मी नाव आणि कारण रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि त्याची नक्कल हॉलमधल्या बोर्डावर लावायची. कोणाला हरकत घ्यायची असेल तर घ्या. हरकत क्वचितच कोणी घेई, वाचायला मात्र सगळे येत.

*

आमच्या वसईचा नेल्सन हॉटेलात कामाला होता. कारणाच्या रकान्यात 'भावाचं लग्न' सांगून मोकळा झाला. हॉटेलात मात्र त्याने रजा मागितली होती ती आई सिरियस आहे म्हणून. त्याचा मॅनेजर आमच्याच मंडळाचा मेंबर आहे, हे तो घाईत विसरला.

मॅनेजरने बोर्ड शांतपणे वाचला, दुसऱ्या दिवशी रजेवर सही केली आणि म्हणाला, "लग्नात आईला फार नाचू देऊ नकोस."

*

दिलेलं कारण खरं आहे का, हे मी कधीमधी फोन करून बघायची. हमद टाउनच्या एका गृहस्थांनी 'शुक्रवारी ड्यूटी' असं कळवलं होतं. शुक्रवारी सकाळी फोन केला, तर त्यांच्या मुलीने उचलला. आपली इथली मुलं, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. मी विचारलं, पप्पा ड्यूटीवर गेले का गं?

"नो आंटी. डॅडी सेड ही इज ऑन ड्यूटी, सो डोन्ट वेक हिम."

*

इंडियातली मतं पोस्टाने वेळेवर येतील याचा भरवसा नव्हता. त्यामुळे जो कोणी परत येत असेल त्याच्या बॅगेतून पाकिटं यायची, लोणची, मसाले आणि सुक्या बोंबलांच्या सोबतीने. एका वर्षी मोजणीच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. त्या सुट्टीत बोंबील कोणी पाठवले होते, हे अख्ख्या मंडळाला ठाऊक!

पाकिटावर कसलीही खूण नको असा नियम. पण वास ही खूण धरायची का? आमचे अध्यक्ष सावंत सर, शाळेत गणित शिकवायचे, नियमाला पक्के. त्यांनी बराच विचार केला आणि फर्मावलं, सगळी पाकिटं बोंबलांसोबत एका डब्यात ठेवा, उद्या मोजू.

गुप्तता राहिली. हॉलचं मांजर मात्र मोजणी संपेपर्यंत टेबलाखालून हललं नाही.

*

आता हमीदभाईंचं. मूळचे रत्नागिरीचे, जिदहफ्सला स्पेअर पार्ट्सचं दुकान. कोणाला एअरपोर्टला सोडायचं असो की कोणाचं घर हलवायचं असो, हमीदभाईंची पिकअप तयार. अध्यक्ष व्हायची त्यांना फार हौस, आणि दरवेळी सावंत सरांपुढे पडायचे. यंदा नाही तर पुन्हा उभा राहणार नाही, असं त्यांनी त्या वर्षी सांगून टाकलं होतं. मलाही मनापासून वाटे, एकदा तरी या माणसाला निवडून येऊ दे.

त्यांची सगळी भिस्त मआमीरच्या एका वर्कशॉपमधल्या पोरांवर. सगळ्यांना शुक्रवारी शिफ्ट, म्हणून सगळ्यांची पाकिटं आधीच माझ्याकडे जमा. आता नियम असा, की गैरहजर म्हणून मत दिलेला माणूस मतदानाच्या दिवशी हॉलवर दिसला आणि कोणी हरकत घेतली, तर सगळीच पाकिटं बाद, कारण कुठलं कोणाचं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आणि नेमकी त्या शुक्रवारी वर्कशॉपची वीज गेली, शिफ्ट खलास! पोरं हलव्याचे डबे घेऊन हमीदभाईंचा जयजयकार करायला थेट हॉलवर आली. हमीदभाई दारात हात पसरून उभे.

"यल्ला, मागे व्हा! तुमी आज हितं नाय!"

पोरांना काही कळेना. शेवटी त्यांना रस्त्यापलीकडे पिटाळलं. तिथे ती डबे कवटाळून भर उन्हात उभी राहिली, खिडकीतून अख्ख्या हॉलला दिसत.

मोजणी झाली. हॉलमधल्या मतांत सावंत सर पुढे होते, पाकिटं फोडली तेव्हा हमीदभाई पुढे गेले. मी रजिस्टरमधली नावं वाचून दाखवली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, कोणाची हरकत? सगळे खिडकीकडे बघत होते, हमीदभाई तेवढे जमिनीकडे.

सावंत सर उठले. खिडकीपाशी गेले, चष्मा पुसला, बाहेर नीट पाहिलं.

"बाहेर कोणीच नाही," सर म्हणाले. "फक्त त्यांना पाणी पाठवा कोणीतरी. उन्हात उभे आहेत."