शॉमबर्गच्या लंच टेबलावरची आफ्रिका

किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. घरात श्रीखंडाचे रिकामे डबे जमतात ना, तसे ते जमतात. टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे एकदम अंगावर येतात!

माझ्याकडचे बहुतेक डबे आमच्या शॉमबर्गच्या ऑफिसातले. मी मूळचा नागपूरचा, एच-वन व्हिसावर अमेरिकेत आलेला प्रोग्रामर. लंच टेबलावर माझ्यासोबत तिघं असायची. लागोसचा एमेका, नैरोबीची वांबुई आणि हरारेचा टेंडाई. म्हणजे नायजेरिया, केनिया आणि झिम्बाब्वे. ऑफिसातले बाकीचे लोक बेसबॉल आणि मॉर्गेजवर बोलायचे. आम्हा चौघांकडे घरही नव्हतं आणि बेसबॉलही कळत नव्हतं, म्हणून आम्ही एका टेबलावर आलो. आमचे विषय ठरलेले. तिकडे धंदा कसा चालतो, राजकारण कुठवर गेलंय आणि टोमॅटोचा भाव काय झालाय!

*

एमेकापासून सुरू करतो, कारण तो कोणालाच आधी बोलू द्यायचा नाही. आडदांड देह, गडगडाटी हसणं.

एकदा उन्हाळ्यात मोठं वादळ झालं आणि आमच्या बिल्डिंगची लाइट गेली. सगळे क्युबिकल्समधून उभे राहिले. एकीला तर रडूच फुटलं. आमचा मॅनेजर डेव्ह धावत आला आणि बघतो तर काय, अंधारात आम्ही चौघं शांतपणे जेवतोय!

"तुम्हाला कळलं नाही का? पॉवर गेलीय!"

एमेका घास गिळून म्हणाला, "डेव्ह, आमच्याकडे लाइट जाते ती बातमी नसते. येते ती बातमी असते."

मग त्याने आपल्या काकांची गोष्ट सांगितली. काकांची लागोसला बेकरी होती. तिकडे धंदा काढायचा तर आधी जनरेटर घ्यायचा, मग दुकान, मग उरलंच काही तर पीठ. काकांचा जनरेटर रोज बिघडायचा. मेकॅनिक यायचा, डिझेलवाला यायचा, पाव काही वेळेवर व्हायचे नाहीत. शेवटी काका जनरेटरची दुरुस्ती स्वतःच शिकले.

"मग? बेकरी चालली?" डेव्हने विचारलं. बिचारा खुर्ची ओढून बसलाच होता.

"छे! बेकरी विकली. आता जनरेटर रिपेअर करतात. तीन मजली घर बांधलंय!"

*

वांबुई बोलायची कमी, पण बोलली की समोरचा गार.

एकदा कंपनीने बाहेरून एक कन्सल्टंट बोलावला. भारी सूट, भारी स्लाइड्स. विषय होता 'पैशांचं भविष्य'. तो म्हणाला, "मित्रांनो, एक दिवस असा येईल की साधा माणूस साध्या मोबाइलवरून दुसऱ्याला पैसे पाठवेल. बँकेत पाऊलही न टाकता!"

सगळे माना डोलावताहेत. वांबुईने हात वर केला.

"माझ्या मामाने परवाच पाठवले. गावात. मोबाइलवरून."

कन्सल्टंट एकदम खूश. "इंटरेस्टिंग! म्हणजे एखादा पायलट प्रोजेक्ट होता का?"

"नाही," वांबुई म्हणाली, "शेळी होती."

*

वांबुईला मी एका शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवर, देशी दुकानांच्या रस्त्यावर, घेऊन गेलो. तिला मक्याचं पीठ हवं होतं. ते घोटून त्याचा घट्ट गोळा करतात, उगाली म्हणतात, आपल्या भाकरीच्या जागी तो. पार्किंग शोधण्यात पाऊण तास गेला, मग मनुकाकांच्या किराणा दुकानात शिरलो. मनुकाका गुजराती, सत्तरीचे, कायम पेपरात डोकं.

पिठाच्या पिशवीवरची किंमत बघून वांबुईचा पारा चढला. तेवढ्यात तिला बहिणीचा फोन आला, तर ती तिला त्यांच्या स्वाहिली भाषेत तावातावाने काहीतरी सांगायला लागली. मला फक्त 'म्वीझी' एवढाच शब्द कळला, कारण तो ती आमच्या मॅनेजमेंटबद्दलही वापरायची. म्वीझी म्हणजे चोर.

पेपरातून डोकं वर न काढता मनुकाका स्वाहिलीत काहीतरी बोलले. एकदम अस्खलित!

वांबुईच्या हातून फोन पडायचाच बाकी राहिला. काका किसुमूचे निघाले. केनियातच जन्म, तिकडेच शाळा, वडिलांचं तिकडेच दुकान. पुढचा अर्धा तास दोघं नुसते बोलतच होते. साखर, रॉकेल, पीठ, कुठला मंत्री काय खाऊन बसलाय, सगळं! निघताना काकांनी पिशवीचे पैसे घेतले नाहीत, वर शेवेचं पाकीट दिलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "अगं, पण ते पहिलं वाक्य काय बोलले?"

"मी बहिणीला म्हटलं, हा म्हातारा चोर आहे. तर म्हणाले, मुली, मी चोर असतो तर राजकारणात गेलो असतो. पीठ कशाला विकलं असतं?"

*

टेंडाई आमच्यातला जंटलमन. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. त्याच्या देशात महागाई तेव्हा इतकी चढली होती की दुकानदाराला भाव विचारला तर तो म्हणे, "आत्ताचा सांगू, की तुम्ही पाकीट काढेपर्यंतचा?"

बहिणीच्या लग्नाला तो हरारेला जाऊन आला. आम्ही विचारलं, "आहेर काय काय आला?"

"पाकिटं कोणीच आणली नाहीत," टेंडाई म्हणाला. "नोटांना विचारतो कोण! साखर आली, साबण आले, गोडं तेल आलं. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात आमचे मोठे चुलते आले, पेट्रोलचा भरलेला कॅन घेऊन. वर लाल रिबन!"

"मग?"

"मग काय! अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. बहीण रडली. लग्नाचा अल्बम बघा, नवरदेव कोपऱ्यात आहे आणि मध्यभागी कॅन!"

*

माझी आई नागपूरहून आली तेव्हा तिने तिघांना जेवायला बोलावलं. कोथिंबिरीचं सारण भरून पुडाच्या वड्या केल्या. एमेका आल्या आल्या तिच्या पाया पडला आणि मोठ्याने म्हणाला, "मामा!" त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात.

आई गोंधळली. "अरे, मी मामा कशी? मामा तर अमरावतीला असतो!"

जेवताना राजकारण निघालंच. मी मधे बसून दुभाषी. एमेका सांगत होता, "आमच्या गावच्या नदीवर पूल होणार आहे. दर इलेक्शनला होणार असतो. नवा उमेदवार येतो, भाषण करतो, पायाभरणीचा दगड बसवतो आणि गायब! आता इतके दगड झालेत की लोक त्यांच्यावरून चालत पलीकडे जातात!"

आईने वडीचं ताट त्याच्याकडे सरकवलं आणि मनापासून म्हणाली, "नशीबवान आहात बाप्पा! आमच्याकडे तर दगडही चोरीला जातो!"

*

आता हा एक ऐका.

दोन हजार आठच्या जानेवारीत केनियात निवडणुकीवरून दंगे उसळले. एका जमातीची माणसं दुसऱ्या जमातीची घरं शोधत फिरत होती. वांबुईची आई तिकडे एका लहान गावात एकटी. फोन लागेना. दुकानं बंद, त्यामुळे मोबाइलचा बॅलन्सही कोणाला भरता येईना. वांबुई रोज ऑफिसला यायची, डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. एमेका एकही जोक सांगेना. टेंडाई तिच्यासाठी चहा आणून ठेवायचा, तो गार व्हायचा.

आणि एक दिवस लंचलाच तिचा फोन वाजला. आई!

ती त्यांच्या भाषेत बोलत होती, आम्ही नुसते तिच्या तोंडाकडे बघत होतो. आधी ती रडली. मग एकदम ओरडली. आणि मग अशी हसायला लागली की तिला धड श्वास घेता येईना.

फोन ठेवल्यावर तिने सांगितलं. शेजारचं कुटुंब दुसऱ्या जमातीचं. नवरा-बायको, पोरं, म्हातारी सासू. आईने सगळ्यांना आपल्या घरात घेऊन दार लावून टाकलं होतं. दोन दिवसांनी दुपारी जमाव फाटकाशी आला. हातात कोयते, काठ्या. आई एकटी बाहेर गेली.

"म्हातारे, घरात कोण आहे?"

आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोण असणार? दोन दिवस माझ्या डोक्यावर बसून खाताहेत, बाजारात साखर नाही हे माहीत असून चहा अगोड झाला म्हणून कुरकुर करताहेत, आणि जायचं नाव काढत नाहीत. नातेवाईकच की! नेता का तुमच्याकडे?"

पुढचा कोयतेवाला मागच्याकडे वळून म्हणाला, "चला रे. आमच्याकडेही आलेत."