रोह्याचा शून्य दर

"रोहा शून्य! शेजारी असून काय फरक बघा!" साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "आणि तुमचं पेण?"

माझं पेण भरभक्कम होतं. माणसं मोजणं हा माझा धंदा. मी मोजायला निघालो की पेणच्या कारखान्यांतले अर्धवट गणपतीसुद्धा हजेरी द्यायला सोंड वर करतात. या खेपेला बेघरांचा सर्व्हे होता. त्यात 'उघड्यावरचा दर' काढायचा, म्हणजे हजार लोकसंख्येमागे किती जण छपराविना झोपतात ते. नुसती डोकी मोजली तर मोठं गाव उगाच बदनाम होतं. दर ठरलेल्या रेषेच्या वर गेला की त्या गावाला निवारा केंद्र. शून्यवाल्याला काहीच नाही.

"साहेब, रोह्याच्या स्टँडजवळ मी सकाळी माणसं पाहिलीत. पथाऱ्या गुंडाळताना."

"प्रवासी असतील."

"मग त्यांची एसटी गणपतीपासून सुटलेली नाय."

साहेब पुण्याचे. माझ्या बोलण्यातून ते नेहमी निम्मं वजा करून घ्यायचे, आणि ते बरोबरच होतं. पण या वेळी मी चक्क खरं बोलत होतो. पंचाईत ती हीच!

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांना रोह्याला नेलं. रोह्याच्या टीमचा म्हात्रे सोबत होता. एका बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी खोकत खोकत गोधडीची घडी घालत होती. सखूबाई नाव. म्हात्रेने आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "काय गो आजी, घर हाय ना तुला?"

"हाय तर! निडीला. आमी काय भिकारी हाव?"

"ऐकलंत?" साहेब माझ्याकडे बघून हसले.

मी ऐकलं, आणि घोळ कळला. आमच्याकडचा माणूस एक वेळ उपाशी आहे म्हणेल, पण घर नाही असं मेला तरी म्हणणार नाही. मी पेणला घराचं नावच काढलं नव्हतं. "काल रात्री पाठ कुठं टेकली?" एवढंच विचारलं होतं. म्हात्रेने इमानदारीत घर विचारलं आणि इमानदारीत शून्य आणलं.

पण माझ्या तोंडून हे साहेबांना पटलं नसतं. माझी ख्यातीच तशी. म्हटलं, "आजी, आमची जीप निडीवरूनच जाते. चल, घरी सोडतो."

म्हातारी घुटमळली. मग मान ताठ करून गाडीत बसली.

निडीत तिने एका शेवग्यापाशी गाडी थांबवली. गवतात बुडालेलं जोतं. भिंत नाही, कौल नाही. सखूबाई जोत्यावर चढली, पदर सारखा केला.

"या साहेब, बसा. चाय नाय टाकता येत, चूल बुजलीय."

साहेबांनी बूट काढले. खरंच काढले, यात माझ्या पदरचं काही नाही. जोत्यावर बसले, आणि मग हळूच विचारलं, "आजी, काल रात्री कुठं झोपलात?"

"त्या पायरीवर. थंडी लय होती."

तिला घेऊनच आम्ही रोह्याला परतलो. मोजणी पुन्हा झाली, माझ्या प्रश्नाने. दर रेषा ओलांडून थेट पेणच्या डोक्यावरून गेला. पेणचं केंद्र ठरलेलंच होतं, आता रोह्याचंही मंजूर झालं. सखूबाईला तिथे खाट मिळाली.

रोह्याचं केंद्र मी बांधलं, असं मी चारचौघांत छाती काढून सांगतो. विटा दुसऱ्या कोणी रचल्या असतील, त्याचं काय!

धडा एवढाच: आकडा शून्य आला की पेढे मागवण्याआधी प्रश्न काय विचारला होता, ते विचारावं.