चार रकान्यांतले बाबा

इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहायला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि मी नोकरी सांभाळून मानसशास्त्राची पदवी करत होते. नवं नवं शिकणाऱ्याला जो माज चढतो, तो मला पुरेपूर चढला होता. घरात कोणी शिंकलं तरी मी त्यामागचं कारण सांगायला बसायचे. आई म्हणायची, आधी कुकर लाव.

आमचे वर्ग रविवारी मीरा रोडला भरत. तिथल्या बाईंनी प्रकल्प दिला: व्यक्तिमत्त्वाच्या चार सिद्धांतांची तुलना करा, पण नुसती पुस्तकातून उतरवू नका. एकच माणूस घ्या, वर्षभर त्याच्याकडे बघा आणि प्रत्येक सिद्धांताला त्याच्याबद्दल काय म्हणायचंय ते लिहा. मी बाबांना घेतलं. त्यांना सांगितलं मात्र नाही, कारण आपल्यावर कोणाचं लक्ष आहे हे कळलं की माणूस वेगळा वागतो, असं आम्हाला शिकवलं होतं.

वही बाबांनीच आखून दिली. ऑफिसात आयुष्यभर मस्टर सांभाळलेला माणूस. लाल शाईने, पट्टी धरून, चार रकाने असे आखले की बघत राहावं. कशासाठी, हे विचारलंसुद्धा नाही.

पहिली नोंद कुलपाची. बाहेर पडताना बाबा कुलूप तीन-तीनदा ओढून बघू लागले होते, जिना उतरून पुन्हा वर येत होते. पहिल्या रकान्यात मी लिहिलं, लहानपणी गावचं घर सुटलं, ती भीती मनाच्या तळाशी दडून बसली आहे. दुसऱ्यात, काटेकोरपणा हा मूळचाच गुण, वयानुसार ठळक झाला. तिसऱ्यात, तीस वर्षं ऑफिसची कपाटं बंद करून निघायची सवय, शाबासकी मिळत गेली तशी पक्की झालेली. चौथ्यात, आपली कोणाला गरज उरली नाही असं वाटतं, म्हणून घराची राखण करून हा माणूस स्वतःची किंमत टिकवतोय. गंमत म्हणजे चारही पटत होते. भूतकाळ, स्वभाव, सवय, इच्छा, कुठूनही शिरा, बाबांपर्यंत पोचताच येत होतं. मी खूश होते.

मग एका दुपारी बाबा शेजारच्या विंगमध्ये, आमच्याच नंबरच्या दारात किल्ली फिरवताना सापडले. तिथल्या गुजराती काकी त्यांना हसत हसत घरी घेऊन आल्या. सगळ्या बिल्डिंगा सारख्याच दिसतात, असं म्हणून आम्हीही हसलो. बाबा हसले नाहीत. ते दाराला पाठ लावून उभे राहिले आणि आईला म्हणाले, कोणीतरी कुलूप बदललंय. मी वही काढली.

जवळच्या खारी गावातून एक मावशी आमच्या गेटवर भाजी घेऊन बसायच्या. एकदा त्यांनी मला थांबवलं.

"पोरी, तुजा बापूस बरा न्हाय हाय. सकालपासून तीन येला येऊन तीच भाजी नेली. डाक्टरला दाखव."

मी त्यांना समजावलं की रिटायर झाल्यावर माणसं अशी करतात. वर जाऊन तेही चौथ्या रकान्यात लिहिलं. त्या दिवसाचा माझा मलाच अजून राग येतो.

वही भरली, तशी मी बाबांसमोर दुसरी ठेवली. बराच वेळ ते पट्टी हातात धरून बसले. आखलेल्या रेघा पानभर तिरक्या गेल्या होत्या आणि रकाने पाच झाले होते. मी ते दोनदा मोजले. तरीही मी पेन उचललं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं: मुलीच्या शिक्षणाला मनातून असलेला विरोध.

प्रकल्पाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. पुढच्याच महिन्यात बाबा सकाळी दूध आणायला गेले आणि संध्याकाळी पार मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या एका वॉचमनकडे बसलेले मिळाले. तेव्हा कुठे आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. मेंदूचा आजार होता, बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, हे कधीपासून चाललंय? माझे चार सिद्धांत पानोपानी 'का' विचारत होते. 'कधीपासून' हे मी एकदाही विचारलं नव्हतं. उत्तर मात्र वहीत होतं, तारखेनिशी. डॉक्टर पानं उलटत गेले आणि मान वर न करता म्हणाले, वर्षभर आधी आणायला हवं होतं.

त्यानंतर ती वही मी कपाटाच्या वर टाकून दिली. एका सकाळी बघते तर बाबा ती उघडून वाचत बसलेले. वाचता येत होतं अजून. मी जागची हलले नाही. त्यांनी शेवटचं पान संपवलं आणि चष्मा काढला.

"बिचारा," ते म्हणाले. "याच्या घरी कोणी नव्हतं का गं?"

"एक मुलगी होती," मी म्हटलं.

बाबांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि कुलूप बघायला उठले.